प्रस्तावना : प्रभूमधील आनंद आणि रोजचा दिवस

ख्रिस्ती धर्माची तत्त्वे, त्याचा इतिहास, आणि या देशात त्याच्या अनुयायांनी केलेली शिक्षणाची व रुग्णसेवेची कामगिरी यांविषयी मराठीत पुष्कळ लेखन झालेले आहे. परंतु ज्या एका गोष्टीमुळे हा धर्म प्रथम गालीलातील कोळ्यांना, पुढे रोमी साम्राज्यातील दासदासींना, आणि कालांतराने आपल्याकडील नगर-जालन्याच्या दुष्काळी खेड्यांतील माणसांना आपलासा वाटला, त्या आनंदाचा स्वतंत्र व सविस्तर विचार त्या मानाने थोडाच झाला आहे. पुढील प्रकरणांत हा विचार करण्याचा यथाशक्ति प्रयत्न केला आहे. हा आनंद म्हणजे काय, तो येतो कोठून, संकटात तो टिकतो कसा, आणि सकाळी चूल पेटल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंतच्या सामान्य दिवसाशी त्याचा संबंध कोणता, हे प्रश्न या पुस्तकाचे विषय होत. मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे की, ख्रिस्ती आनंद ही देवाची देणगी असली तरी ती एका क्षणी संपूर्ण हाती पडत नाही. ती घ्यावी कशी हे माणसाला शिकावे लागते, आणि हे शिक्षण रविवारच्या उपासनेत सुरू होत असले तरी पुरे होते ते स्वयंपाकघरात, शेतावर, कचेरीत, रुग्णाच्या उशाशी आणि दुरावलेल्या भावाच्या दारी.

या विषयाच्या वाटेत काही गैरसमज आडवे येतात, त्यांचा निकाल आरंभीच लावलेला बरा. पहिला समज असा की, आनंदी असणे हा स्वभावाचा भाग आहे. कोणी जन्मतः हसतमुख, कोणी जन्मतः चिंतातुर, त्याला धर्म काय करणार? दुसरा समज असा की, आनंद हे अनुकूल परिस्थितीचे फळ आहे. शरीर निरोगी असावे, मुले मार्गी लागावी, डोक्यावर कर्ज नसावे, म्हणजे आनंद आपोआप येतो, आणि यांपैकी एखादी गोष्ट ढळली की तोही जातो. तिसरा समज विशेषतः भाविक घरांतून आढळतो. गंभीर मुद्रा, मोजके बोलणे आणि सर्व करमणुकीचा त्याग यांतच धर्मनिष्ठेचे खरे लक्षण मानून ही माणसे आनंदाकडे काहीशा संशयाने पाहतात. या तिन्ही समजुतींना अनुभवाचा थोडाबहुत आधार आहे हे खरे. तथापि शास्त्राची साक्ष त्यांपैकी एकीलाही दुजोरा देत नाही. नव्या करारात आनंद करण्याविषयीची पुष्कळ वचने आज्ञार्थी आहेत. जी गोष्ट केवळ स्वभावावर किंवा परिस्थितीवर अवलंबून असेल तिची आज्ञा करणे व्यर्थ होय. ज्या अर्थी आज्ञा आहे त्या अर्थी माणसाच्या इच्छेला, विचाराला आणि आचरणाला तेथे काही काम नेमून दिलेले आहे, असेच मानले पाहिजे.

या विषयावरील सर्वांत थोर दस्तऐवज म्हणून मी पौलाच्या फिलिप्पैकरांस पाठवलेल्या पत्राकडे बोट दाखवीन. अवघ्या चार अध्यायांचे हे पत्र कैदेत लिहिलेले आहे. परंपरेप्रमाणे ते रोम शहरातून, इसवी सनाच्या साठाव्या वर्षाच्या आसपास पाठवले गेले. पौलाच्या खटल्याचा निकाल लागावयाचा होता, आणि तो मृत्युदंडाचाही असू शकेल हे त्याला ठाऊक होते. बाहेर काही जण त्याच्यावरील मत्सराने, त्याच्या बंधनांत दुःखाची भर पडावी या बुद्धीने उपदेश करीत होते. त्याच्यासाठी मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दाराशी जाऊन परतला होता. ज्या मंडळीला हे पत्र जावयाचे होते तिच्यात युवदीया व सुंतुखे या दोन कष्टाळू सेविकांचे बिनसलेले होते. अशा स्थितीत लिहिलेल्या या पत्रात आनंदाचा उल्लेख इतक्या वेळा येतो की, वाचकाने त्याखाली रेघा ओढू लागावे तर पानच्या पान भरून जावे. विशेष हे की, पौल यांतील एकही अडचण लपवीत नाही. तो कैदेला कैद म्हणतो, मत्सराला मत्सर म्हणतो, एपफ्रदीत दगावला असता तर आपल्या दुःखावर दुःख कोसळले असते हे कबूल करतो. आणि तरीही त्याच्या मनाचा तोल ढळत नाही, कारण आपल्या आयुष्याचे मोजमाप त्याने स्वतःच्या सुखदुःखावरून काढून ख्रिस्ताच्या कार्यावर नेऊन ठेवलेले आहे. विरोधकांच्या तोंडून का होईना, ख्रिस्ताचे नाव गाजते आहे ना, मग मला आनंदच आहे, असा त्याचा एकंदर हिशेब आहे.

त्याच पत्राच्या अखेरीस तो सांगतो की, विपुलतेत कसे राहावे आणि टंचाईत कसे राहावे, हे दोन्ही आपण शिकलो आहोत. या पुस्तकाचा सारा भार मी त्याच्या या कबुलीवर टाकला आहे. दमास्कसच्या वाटेवर ज्याला दिव्य प्रकाशाचे दर्शन झाले, त्या प्रेषितालादेखील समाधान दर्शनाबरोबर आयते मिळाले नाही. प्रवास, फटके, उपास, जहाज फुटणे, मित्रांचा वियोग या सर्वांतून ते त्याला शिकावे लागले. या शिक्षणाचा एक धडा फिलिप्पै शहरातच पार पडला होता. तेथील तुरुंगात, छड्यांचा मार खाल्लेल्या अंगाने, पाय खोड्यात अडकलेले असताना त्याने व त्याचा सोबती सीला याने मध्यरात्री देवाची स्तोत्रे गाइली, आणि इतर बंदिवान ती ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात नमूद आहे. भूकंपाने दारे उघडली ती त्यानंतर. गाणे सुटकेच्या आधीचे आहे. त्याच रात्री तुरुंगाच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातले आणि सहकुटुंब आनंद केला. कित्येक वर्षांनंतर त्या गावी आलेले आनंदाचे पत्र वाचले जात असता तो नायक त्या सभेत बसलेला असेल, तर त्या पत्राच्या सत्यतेचा दाखला देण्यास त्याच्याइतका अधिकारी दुसरा कोण होता?

पौलाचा आनंद हा त्याचा स्वतःचा शोध नव्हे; त्याचा उगम प्रभु येशूच्या ठायी आहे. लूकाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या भागात मेंढपाळांना मिळालेली आनंदवार्ता सांगितली आणि त्याचा शेवट शिष्य आनंदाने यरुशलेमेस परत गेले या वृत्तान्ताने केला. या दोन टोकांच्या मध्ये गेथशेमाने आहे, पेत्राचा नकार आहे, वधस्तंभ आहे आणि कबरेवरची धोंड आहे. योहानाने सांगितल्याप्रमाणे, धरून नेले जाण्याच्या अगदी आधल्या प्रहरी, भोजनानंतरच्या संभाषणात येशूने शिष्यांपाशी आपल्या आनंदाची गोष्ट काढली. तो आनंद त्यांच्यामध्ये राहावा, परिपूर्ण व्हावा आणि कोणालाही हिरावून घेता येऊ नये, अशी आपली इच्छा त्याने प्रकट केली. ज्याच्यापुढे काही घटकांत यातना व मृत्यू उभे आहेत तो आपला आनंद वारसा म्हणून देऊ करतो, ही गोष्ट मनात नीट ठसली म्हणजे ख्रिस्ती आनंद वेदनेला चुकवून जात नाही, वेदनेच्या मधून जातो, हे कळू लागते. पुनरुत्थानावरील विश्वास हा त्याचा पाया आहे. मृत्यूची सत्ता अखेरची नाही, अन्यायाचा निकाल अंतिम नाही आणि प्रीती वाया जात नाही, ही खात्री ज्याच्या अंतःकरणात रुजली त्याच्या रडण्यालाही एक मर्यादा पडते.

लूकाच्याच पंधराव्या अध्यायात हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला पुत्र असे तीन दृष्टान्त एकापुढे एक आले आहेत, आणि तिन्हींचा शेवट दहा माणसांना बोलावून केलेल्या आनंदात होतो. धाकट्या पुत्राविषयी आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. थोरल्याकडे मात्र आपण पुरेसे लक्ष देत नाही. तो घर सोडून गेला नव्हता. त्याने मालमत्ता उधळली नव्हती. उन्हातान्हात बापाच्या शेतावर तो राबत होता. इतके करूनही, घरात वाद्ये वाजू लागली तेव्हा तो अंगणात रुसून उभा राहिला, कारण बापाच्या घरातील इतक्या वर्षांचा सहवास त्याच्या लेखी निव्वळ चाकरी होती. आपल्या मंडळ्यांतून हा थोरला पुत्र फार मोठ्या संख्येने आहे, असे मला वाटते. तो नियमित उपासनेला येतो, वर्गणी भरतो, पंच कमिटीवर काम करतो, कोणाचे वाईट चिंतीत नाही. फक्त त्याला आनंद नाही, आणि तो नसल्याची त्याला खंतही नाही. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो, आणि तो आत गेला की नाही हे सांगण्यापूर्वीच दृष्टान्त संपतो. हे पुस्तक लिहिताना ज्या वाचकाची मूर्ती प्रामुख्याने माझ्या डोळ्यांपुढे होती तो वाचक हाच होय.

आता हा आनंद शिकावा लागतो म्हणजे काय, हे आपल्याच भूमीतील दोन स्त्रियांच्या चरित्रांवरून पाहू. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. संस्कृत विद्येच्या बळावर कलकत्त्यात त्यांचा मोठा गौरव झाला, परंतु पुढे लवकरच भाऊही गेला. विवाहानंतर दोन वर्षे होत न होत तोच पतीही निवर्तले, आणि कडेवर तान्ही मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अनेक वर्षांनी लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोठ्या निर्भयपणे सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८८९ साली मुंबईस काढलेले शारदा सदन पुण्यात स्थिर होऊ लागले असताना, आपले पाप व आपली असमर्थता घेऊन जशी आहे तशी ख्रिस्ताच्या चरणी जावे, तो स्वीकारतो, हे त्यांना उमगले, आणि ज्या शांतीची त्या इतकी वर्षे वाट पाहत होत्या ती त्यांना लाभली. जगभर नावाजलेल्या विदुषीने, संस्थेच्या चालिकेने, देणगीदारांच्या व टीकाकारांच्या देखत, आपल्याला मुख्य गोष्टच मिळाली नव्हती असे लिहून ठेवावे यास फार मोठे धैर्य लागते. नुसत्या नावनिशीने आनंद येत नाही हे ज्यांना मनातून जाणवते, पण उघड बोलवत नाही, त्यांना या कबुलीचा मोठा आधार आहे.

त्या आनंदाने पुढे काय केले, हेही पाहिले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या उजाड माळावर त्यांनी मुक्ती सदन उभारले. विहिरी खणवल्या, फळबाग व शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे, खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशा मराठीत भाषांतर केले, आणि त्याच्या छपाईची कामे तेथील स्त्रियांनीच केली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या आनंदाला विहिरी, माग आणि खिळे जुळवणारे हात फुटत नाहीत, तो केवळ भावनेचा उमाळा होय. आणि ज्या कष्टांच्या मुळाशी तो आनंद नाही, ते कष्ट थोरल्या पुत्राच्या चाकरीसारखे कडवट होऊन जातात. केडगावास या दोहोंची गाठ पडली होती.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग याहून निराळा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीचे बालपण वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याओवळ्याखाली गेले. विवाह नारायण वामन टिळक या मोठ्या मनाच्या, तितक्याच तापट आणि व्यवहाराची फिकीर नसलेल्या कवीशी झाला. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या जीवनावर जणू वीज कोसळली. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे त्या नगरला पतीकडे परतल्या, आणि तेथेही आपली जुनी रीत त्यांनी एकदम टाकली नाही. एकेक बंधन त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडवले, माणसामाणसांतील भेद देवाने केलेले नाहीत अशी मनाची खात्री पटल्यावरच ते दूर सारले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचे, ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतून दारिद्र्य आहे, प्लेग आहे, मुलांची आजारपणे आहेत, नवऱ्याचे रागलोभ आहेत, निराश्रितांनी भरलेले घर आणि रिकामे डबे आहेत. असे असूनही मराठी वाङ्मयात याहून प्रसन्न पुस्तक शोधून सापडणे कठीण. ही प्रसन्नता केवळ विनोदी स्वभावाची आहे असे म्हणणारे टीकाकार आहेत. माझ्या मते ती क्षमेची प्रसन्नता आहे. ज्यांनी दुखावले त्यांच्याविषयी मनात एकही फिर्याद शिल्लक न ठेवता सर्व हकीकत सांगता येणे, ही गोष्ट केवळ विनोदबुद्धीच्या आवाक्यातील नव्हे. १९१९ साली टिळक गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे चालवले, आणि १९३६ साली मृत्यूने गाठले तोपर्यंत त्या ओव्या रचीतच होत्या.

टिळकांचेही ऋण येथे मान्य केले पाहिजे. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या कवीने, मराठी माणूस देवापुढे जसा गातो तसेच ख्रिस्तापुढे गाण्याचा अधिकार आपल्या मंडळ्यांना मिळवून दिला. त्यांच्या आधीही हा प्रयत्न झालेला होता. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले; आणि नगर भागात कृष्णराव सांगळ्यांसारख्या कवींनी व कीर्तनकारांनी टाळमृदंगाच्या साथीने शुभवर्तमान गावोगाव नेले. टिळकांनी हा प्रवाह विस्तृत केला, आणि १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापून, बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र बसतील असे स्थान निर्माण करण्याची खटपट केली. आपल्या मंडळ्यांतून आजही त्यांची पदे गाइली जातात तेव्हा वृद्धांचे डोळे भरून येतात आणि मुलांचे हात आपोआप टाळ्यांकडे जातात. कारण अंतःकरणातील आनंदाला परक्या सुरात मोकळे होता येत नाही.

या थोर चरित्रांकडे पाहून सामान्य वाचक म्हणेल की, आम्ही ना प्रेषित, ना पंडित, ना कवी. आमच्या वाट्याला तेच घर, तीच भांडी, तीच कचेरी. अशा वाचकाला मी सतराव्या शतकातील पॅरिसच्या कार्मेल मठातील बंधू लॉरेन्सची ओळख करून देतो. लोरेन प्रांतातील गरीब घरात जन्मलेला हा मनुष्य आधी शिपाई होता. लढाईत जखमी झाला, काही काळ त्याने एका घरी नोकरी केली, आणि पुढे मठात सेवक बंधू म्हणून राहिला. मठाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे स्वयंपाकघर सोपवले, आणि त्या कामाची तर त्याला मुळातच नावड होती. तेथे त्याने अनेक वर्षे काढली, आणि पुढे पाय अधू झाल्यावर तो मठवासीयांच्या पायतणांची दुरुस्ती करीत बसू लागला. त्याची साधना एवढीच की, हातातले प्रत्येक काम देवाच्या समक्ष व देवाच्या प्रीतीखातर करावे, चुकले तर खेद करीत न बसता क्षमा मागून पुन्हा त्याच्याकडे वळावे, आणि प्रार्थनेची वेळ निराळी व कामाची वेळ निराळी असा भेद ठेवू नये. हीही गोष्ट त्याला प्रथमपासून साधली नाही. आरंभीची कित्येक वर्षे आपण मोठ्या मनस्तापात काढली, असे त्याने सांगितले आहे. १६९१ साली तो वारला, आणि त्याची थोडी पत्रे व संभाषणे संग्रहित होऊन आजवर लक्षावधी माणसांच्या हाती गेली. स्वयंपाकघरात ज्याला देव भेटला त्याच्याकडून शिकण्यास आपल्या घरातील कोणालाही अडचण पडू नये.

मग रोजच्या दिवसात नेमके करावे काय? याचे विवेचन पुस्तकाच्या उत्तरार्धात विस्ताराने केले आहे. येथे त्याची दिशा तेवढी दाखवतो. दिवसाचा आरंभ आपल्या चिंतांच्या यादीने न करता देवाच्या उपकारांच्या आठवणीने करावा. पौलाने चिंतेवर सांगितलेल्या उपायात विनंतीबरोबर आभारप्रदर्शन जोडलेले आहे, ते सहेतुक आहे. काम प्रामाणिकपणे करावे आणि त्याचे फळ देवाच्या हवाली करून रात्री स्वस्थ झोपावे. भोजनसमयी कुटुंबाने एकत्र बसावे आणि ताटावर आशीर्वाद मागताना ज्याच्या ताटात आज काही पडले नाही त्याची आठवण करावी. नहेम्याच्या काळी नियमशास्त्र ऐकून यरुशलेमेतील लोक रडू लागले, तेव्हा त्यांना सणाचे जेवण करण्यास आणि ज्यांच्याजवळ काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटा पोचवण्यास सांगण्यात आले. आनंद आणि शेजाऱ्याकडे पाठवलेले ताट यांची सांगड इतकी जुनी आहे; नाताळात आपल्या घरांतून करंज्या-शंकरपाळ्यांनी भरलेली ताटे सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांकडे जातात, तो रिवाज म्हणूनच मोलाचा आहे, आणि त्यातील पहिले ताट ज्याच्या घरी परतफेडीची ऐपत नाही त्याच्याकडे जावे.

सर्वांत कठीण बाब क्षमेची. वाटणीवरून, लग्नकार्यातील मानपानावरून, मंडळीच्या निवडणुकीवरून अबोला धरलेली माणसे एकाच प्रभुभोजनास बसतात, आणि आपल्याला आनंद का लाभत नाही याचा शोध पुस्तकांतून घेतात. पौलाने युवदीया व सुंतुखे यांची नावे घेऊन त्यांना एकचित्त होण्याची विनवणी केली, आणि लगेच पुढच्याच वचनांत सर्वांना आनंद करण्यास सांगितले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मनातील जुने दावे निकालात काढल्यावाचून आनंदाला तेथे वस्ती करता येत नाही. हे एका दिवसात होत नाही हे मी जाणतो. परंतु दाराशी जाणे, चार शब्द बोलणे, आजारात विचारपूस करणे, एवढे तर आज होण्यासारखे आहे; आणि या पायऱ्या चढलेल्या ज्या ज्या माणसांना मी ओळखतो, त्यांच्या मुद्रेवर नंतर दिसलेले तेज मला कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक पटवून गेले आहे.

येथे दोन आक्षेपांची उत्तरे देणे अवश्य आहे. सदैव आनंद करा असे सांगणे म्हणजे शोकाकुलाच्या जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय, असा पहिला आक्षेप. तसे सांगणाऱ्याच्या मनात प्रेम नसेल तर ते तसेच होईल, हे मी मान्य करतो. परंतु ज्या बायबलात आनंदाची आज्ञा आहे त्याच बायबलाच्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे विपुल आहेत, देवालाच जाब विचारणारी स्तोत्रे आहेत, आणि लाजाराच्या कबरेपाशी स्वतः येशू रडला आहे. ख्रिस्ती आनंद अश्रूंना मज्जाव करीत नाही. अश्रू ढाळण्यासाठी एक विश्वासू खांदा आहे, एवढी हमी तो देतो. शोकग्रस्ताच्या घरी जाऊन आपण त्याला आनंदी होण्याचा उपदेश करू नये. त्याच्याजवळ बसावे, रडावे, आणि त्याच्या वतीने आशा जतन करून ठेवावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परलोकाचा आनंद दाखवून गरिबाला त्याच्या गरिबीत समाधानी ठेवण्याची ही युक्ती आहे, असे म्हटले जाते. आपल्या मंडळ्यांचा इतिहास याला उत्तर देतो. १८७६ पासूनच्या आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मराठवाड्यातून व नगर जिल्ह्यातून जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांतील फार मोठा भाग गावकुसाबाहेरच्या, पाणवठ्यावर व देवळात मज्जाव असलेल्या जातींचा होता. त्यांना प्रथम मिळालेली गोष्ट आपण देवाची लेकरे आहोत हा आनंद होती. त्या आनंदाने पाठीचा कणा ताठ झाला, पाटी हातात आली, मुली शिक्षिका व परिचारिका झाल्या, आणि पूर्वी निमूटपणे सोसलेला अपमान त्यांच्या मुलांना असह्य वाटू लागला. स्वतःच्या टंचाईत समाधानी असणे हा सद्गुण आहे. दुसऱ्याच्या टंचाईविषयी समाधानी असणे हे पाप आहे. आपल्याच मंडळ्यांत जातीचे अवशेष, लग्नातील उधळपट्टी आणि श्रीमंत सभासदाची सरबराई जेथे जेथे शिल्लक आहे, तेथे तेथे आपण या आनंदाची विटंबना करीत आहोत, हेही मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला मोहोर नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशा स्थितीतही आपण परमेश्वराच्या ठायी उल्लास करू असे गाइले. पण त्याच संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाचा आरंभ अन्यायाविरुद्ध देवाकडे केलेल्या तक्रारीने केला आहे. ती तक्रार ज्याने मनापासून केली, त्यालाच शेवटच्या गाण्याचा अधिकार पोचतो.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगून ही प्रस्तावना आटोपतो. पहिल्या भागात शास्त्रातील आनंदाचा विचार आहे. दुसऱ्यात येथे उल्लेखिलेल्या व इतर काही चरित्रांचा. तिसऱ्यात प्रार्थना, काम, पैसा, भोजन, क्षमा, आजार व वार्धक्य या नित्याच्या बाबींचा. प्रत्येक प्रकरण एका बैठकीत वाचून होईल एवढेच ठेवले आहे, म्हणजे कुटुंबात संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ते मोठ्याने वाचता यावे. पंथभेदाचे वाद मी जाणूनबुजून टाळले आहेत. वसईच्या घरी मिस्सेहून परतलेल्या आजीला आणि नगरच्या मंडळीतील तरुण पाळकाला यातील मजकूर सारखाच आपला वाटावा अशी माझी इच्छा आहे. जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांचेही येथे मनःपूर्वक स्वागत आहे. संतांच्या भूमीत भक्तीचा आनंद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या शेजाऱ्याच्या आनंदाचे मूळ कोठे आहे हे त्यांना या पानांतून कळले, तर स्नेह वाढण्यास तेवढीच मदत होईल.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक संपेपर्यंत आनंदाची वाट पाहत बसू नका. ज्या माणसाशी तुमचा अबोला आहे त्याच्याकडे आज जा, ज्या घरी चूल पेटलेली नाही तेथे आज काही पाठवा, आणि मग रात्री, झाले असेल तेवढ्याबद्दल आभार मानून व राहिले असेल त्याबद्दल क्षमा मागून, दिवस प्रभूच्या स्वाधीन करा. उद्याही हेच करा. पौल जे शिकला, रमाबाई व लक्ष्मीबाई जे शिकल्या, ते शिकण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. आणि या मार्गाने मनापासून गेलेल्याला प्रभूने रिकाम्या हाती परत पाठवले, असे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.